माळ्यावरची वाघळं आणि आमची कौलं

वाघळं घालवायचं औषध बाजारात मिळत नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण आमच्या माळ्यावरची वाघळं गेली हे कळल्यावर दिवाळीपासून मला जेवढे फोन आले त्यातल्या निम्म्या लोकांचा एकच प्रश्न, 'अगं ते काय फवारलीस तेवढं सांग की'. काही फवारलं नाही बाबांनो. धूर नाही, फटाके नाहीत, डांबरगोळ्या नाहीत. ते सगळं आमच्या तात्यांनी करून झालेलं होतं, त्याचं पुढं सांगते.

घर आमचं खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मी बेळगावात असते, भाऊ गोव्याला नोकरीला, गावात आई-बाबा आणि तात्या म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगळूरी कौलं. तिकडची सगळी जुनी घरं अशीच, पाऊसच तेवढा पडतोय, कणकुंबीकडं तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत विचारूच नका. ही कौलं मूळची मंगळूरची, बासेल मिशनवाल्यांनी तिथं १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासूनची, पण आमच्या खानापूरची मातीपण काय कमी नाही, इथंच कौलांचे कारखाने झाले, कुंभारकामाचं शिकवायची संस्था झाली, त्यामुळं आमच्याकडं स्लॅब यायला जरा उशीरच झाला म्हणा. आणि बरंच झालं, मे महिन्यात कौलाच्या घरात झोपून बघा म्हणजे कळेल.

तर मुद्दा असा की आज्जी होती तोवर ह्या घरात वाघळं नव्हती. मी आईला दहा वेळा विचारलं, नव्हतीच म्हणते. एखादं चुकून संध्याकाळी सोप्यात शिरायचं, भिरभिर करून जायचं, तेवढंच. का नव्हती हे मला माळ्यावर चढल्यावर कळलं. तेव्हा चूल होती. सकाळ-संध्याकाळ धूर वर जाऊन कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा, वासे काळे कुळकुळीत, माळ्यावर गेलं तर डोळ्यातनं पाणी. शिवाय माळा वापरात होता, भाताची पोती वर, शेंगा वर, कांदे, गोवऱ्या, मोडकी पाळणी, लग्नातली मोठी भांडी, म्हणजे रोज कोण ना कोण शिडीवर असायचंच. आणि दरवर्षी पावसाच्या आधी शाकारणी. सगळी कौलं चाळायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी काढून नवी घालायची, आढ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसवलेल्या कौलांचा, गिलावा उकललेला असला तर परत लावायचा. पोरांना मजा, कौलं खाली द्यायची साखळी लागायची.

मग गॅस आला. भात खळ्यावरनं थेट गिरणीला जाऊ लागलं. शिडीची पायरी मोडली ती मोडलीच. कौलं चाळणारी पोरं गोव्याला आणि पुण्याला गेली, आता शाकारणीला माणूस बघायचा म्हणजे नवरदेव बघण्यापेक्षा अवघड. त्यात भावाच्या लग्नाच्या आधी घर चांगलं दिसायला पाहिजे म्हणून माजघराला आणि दोन्ही खोल्यांना पीओपीचं सीलिंग मारून घेतलं, लायटी-बियटी सोडून एकदम झकास. म्हणजे झालं काय बघा, खाली पीओपी, वर कौलं, मधी पुरुषभर उंचीची अंधारी ऊबदार जागा, तिथं कोण जात नाही, धूर येत नाही, मांजर चढत नाही. आमच्या लोकांनी हाताने बंगला बांधून दिला वाघळांना. गावात म्हणतात की घरात वाघळं शिरली की घर ओस पडतं. मला वाटतंय उलटं आहे, आधी माळा ओस पडतो, मग ती येतात.

सुरुवातीला कुणालाच कळलं नाही. आई म्हणायची, वर उंदीर झालेत, खुडखुड करूलीत. मग गणपतीत सगळे जमलो तेव्हा वास आला, उग्र, डोळ्याला झोंबणारा, बंद मुतारीसारखा म्हणलं तरी चालेल, आणि पीओपीवर चहा सांडल्यासारखे डाग. तात्यांनी लगेच उंदराचं औषध आणलं. आता इथं एक गोष्ट कामाची आहे, उंदराच्या लेंड्या आणि वाघळाची शिट दिसायला जवळजवळ सारखीच, काळी, तांदळाएवढी. काडीने दाबून बघा (हात लावू नका). उंदराची कडक असते, वाघळाची भुगा होते आणि त्या भुग्यात काहीतरी चमकतंय, ते किड्यांचे पंख आणि कवचं. पालीच्या शिटेला टोकाला पांढरं असतंय. आमची चमकत होती. शिवाय जिथनं ती ये-जा करतात त्या फटीच्या कडेला तेलकट तपकिरी पट्टा तयार झालेला असतोय, अंग घासून घासून. तो पट्टा एकदा ओळखता आला की अर्धं काम झालं, कारण पुढचं सगळं त्या फटीवरच आहे.

कुठली वाघळं आहेत हेपण बघायला पाहिजे, कारण लोक सगळ्यांना एकाच मापात मोजतात. आमच्या माळ्यावरची ती बारकी, काडेपेटीत मावतील एवढी, पाच ग्रॅमच्या आसपास वजन, फक्त किडे खाणारी. अशा बारक्यांना अर्ध्या इंचाची फट पुरते, म्हणजे कौलाचं घर त्यांना दारं-खिडक्या उघड्या असल्यासारखंच. मळ्यातल्या जुन्या खोलीत मात्र वेगळी आहेत, मोठ्या कानांची, तिथं खाली जमिनीवर सकाळी बेडकाची तंगडी, पतंगांचे पंख, एकदा पालीचं शेपूट असला सगळा कारभार पडलेला असतो. ती उंदीर-बेडूकपण धरून आणतात आणि उलटं लटकून निवांत जेवतात, फार थोडी असतात, पाच-सहा. आणि तिसरी ती फळं खाणारी, जी व्हरांड्यात येऊन अर्धवट चघळलेला पेरू नाहीतर जांभळाचा चोथा टाकून जातात आणि भिंतीवर शिंतोडे उडवतात. ती तुमच्या माळ्यावर राहतच नाहीत. रात्री फक्त जेवायला बसायला छपराचा कोपरा वापरतात, त्यांच्यासाठी माळा बंद करून काही उपयोग नाही, त्या कोपऱ्यात टांगायला जागा राहू नये एवढं बघायचं, हुक, वायर, जुनी कुंडी काढून टाकायची. झाडावर लटकणारी ती मोठी मोठी तर घरात राहायला येतच नाहीत.

आता तात्यांचे प्रयोग. पहिला धूर. सुक्या मिरच्या, कडुलिंबाचा पाला आणि थोडं रॉकेल, घमेल्यात पेटवून माळ्यावर. सागवानी वासे, वर्षानुवर्षाची धूळ, आणि हा माणूस तिथं रॉकेल नेतोय. आई खाली उभी राहून देवाचं नाव घेत होती. वाघळं गेली का? काही उडाली भर दिवसा, कावळ्यांनी दोन धरली, बाकीची भिंतीच्या फटीत आत आत सरकली, त्यातली काही तिथंच मेली आणि मग जो वास सुटला तो आधीच्यापेक्षा भारी. धूर ओसरल्यावर उरलेली परत जागेवर. दुसरा प्रयोग डांबरगोळ्या, किलोभर. त्याचा वास वाघळांना कमी आणि खाली झोपणाऱ्या बाबांना जास्त, रोज सकाळी डोकं धरून बसायचे, कारण माळ्यावर हवा खेळते आणि खोलीत नाही. तिसरा, रात्रंदिवस दोनशेचा बल्ब. उजेडाच्या बाजूची पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. चौथं ते ऑनलाइन मागवलेलं मशीन, प्लगला लावायचं, म्हणे माणसाला न ऐकू येणारा आवाज सोडतंय आणि उंदीर, झुरळं, वाघळं, सगळं पळतंय. त्या मशीनच्या वरच्या वाश्याला वाघळं लटकलेली मी स्वतः बघितली.

ह्यातनं एक लक्षात घ्या. वाघूळ जागेला धरून असतंय. वर्षानुवर्षं तिथंच येतं, पिल्लं तिथंच घालतं, आणि उंदरासारखी त्यांची पैदास नसते, एका वेळी एक नाहीतर फार तर दोन पिल्लं. म्हणून त्रास देऊन ती जात नाहीत, फक्त घरातल्या घरात सरकतात. रोज संध्याकाळी मात्र ती आपणहून बहुतेक सगळी बाहेर जातात, खायला. तुम्हाला फक्त परतीची वाट बंद करायची आहे. सगळं ज्ञान एवढंच.

करायच्या आधी पण एक गोष्ट, आणि ही नाही पाळली तर सगळं मुसळ केरात. पिल्लं आहेत का बघा. आई खायला बाहेर जाते तेव्हा पिल्लू माळ्यावरच ठेवून जाते, ते गुलाबी, बिनकेसाचं, उडायला यायला महिनाभर तरी जातो. त्या काळात वाट बंद केली तर पिल्लं आत उपाशी मरतात, सडतात, आणि आया पिल्लांसाठी घरभर दुसरी वाट शोधत फिरतात, मग ती तुमच्या बेडरूममध्ये. आणि हे निव्वळ पाप आहे, ते वेगळं. बारक्या वाघळांची पिल्लं वर्षातनं एकापेक्षा जास्त वेळा होऊ शकतात, त्यामुळं पंचांग बघून महिना ठरवता येत नाही, वर चढून बघावंच लागतं. मोठी बाहेर पडल्यावर अंधारात कान देऊन ऐकलं की पिल्लांची चिकचिक येते. आमच्याकडं गणपतीत होती, म्हणून मी तात्यांना हात जोडून सांगितलं की दिवाळीपर्यंत आता घमेलं वर न्यायचं नाही. दिवाळीनंतर पाऊस गेलेला असतो, कौलांवर चढता येतं, सुगीची धांदल जरा कमी, आणि तोवर पिल्लं उडायला लागलेली होती.

मधल्या काळात गावात भलतीच हवा. कुणीतरी सांगितलं की वाघळांनी निपा होतो, घरच पाडा. निपाचं खरं आहे, २०१८ ला केरळात कोझिकोडकडं माणसं गेली, पण त्याचा मुख्य संबंध फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांशी, त्यांनी उष्टं केलेलं फळ नाहीतर ताडी-शिंदीचा कच्चा रस ह्याच्याशी. त्यामुळं झाडाखाली पडलेला चोच-दात लागलेला पेरू पोरांनी खायचा नाही, हे पाळाच. करोनाच्या वर्षीपण लोकांनी असंच बिचाऱ्यांना झाडावरनं पाडलं होतं ठिकठिकाणी. माळ्यावरच्या वाघळांचा खरा धोका दोनच. एक, हातात धरलं आणि चावलं तर रेबीजची भीती, आपल्याकडं तो बहुतेक कुत्र्यापासूनच होतो पण वाघळाच्या बाबतीतही रिस्क घ्यायची नाही, जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायची आणि दवाखान्यात जायचं, हळद लावून बसायचं नाही. दुसरा धोका त्या वाळलेल्या शिटेची धूळ. त्यात बुरशी वाढू शकते, ती श्वासातनं छातीत गेली की फुप्फुसाचा आजार होतो. म्हणजे झाडू घेऊन खसाखस झाडणारा माणूस वाघळापेक्षा जास्त धोक्यात.

आणि कायद्याचं म्हणाल तर पूर्वी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर-कावळ्यांच्या यादीत होती, उपद्रवी म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. आमच्या तालुक्याचं तर ह्यात नाव मोठं आहे, हे आमच्याच लोकांना ठाऊक नसतंय. तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत, आता भीमगड अभयारण्यात, तिथं एक मोठ्या कानांचं, लांब पंखांचं वाघूळ राहतं, रॉटनचं मुक्तपुच्छ वाघूळ असं काहीतरी जड नाव आहे त्याचं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती इथल्याच नमुन्यावरनं, आणि पुढं कितीतरी वर्षं अख्ख्या जगात ते फक्त ह्या एका गुहेत आहे असं मानलं जायचं. नंतर मेघालयात सापडलं, कंबोडियात सापडलं. वाघांना जे कायद्याचं संरक्षण, पहिल्या परिशिष्टातलं, तेच त्यालाही. मी हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, 'मग आमचीबी तिकडंच न्हेऊन सोड की गुहेत'. नेऊन सोडता येत नाहीत. सोडली तरी त्या गुहेत राहणार नाहीत, आणि तिकडं जायला वनखात्याची परवानगी लागते.

तर दिवाळीनंतरचं काम. पहिल्यांदा भर दुपारी माळ्यावर चढून बॅटरी बंद करून नुसतं बसायचं, जिथं जिथं उजेड आत येतो तिथं फट. कौलाच्या घरात उजेड सगळीकडनंच येतो, चाळणी झालेली असते, हे बघून आमच्या बाबांनी हातच टेकले. पण सगळ्या फटी वाघळांच्या कामाच्या नसतात. संध्याकाळी खरं कळतं. नोव्हेंबरात आमच्याकडं सहाच्या सुमारास दिवस मावळतो, त्याच्या आधीच घराच्या चारी बाजूंना एकेक माणूस बसवायचा, तोंड वर करून, मोबाईल न बघता (हे सगळ्यात अवघड). शेजारची पोरं होती, त्यांना चिरमुऱ्याचं आमिष. दिवस मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सुरू होतात, एकामागनं एक, टपटप टपटप, आणि अर्ध्या तासात सगळं गपगार. आमची निघत होती तीनच ठिकाणांहून. आढ्यावर दोन कोने सरकलेले तिथनं, मागच्या बाजूला वळचणीला भिंतीचं डोकं आणि कौल ह्यांच्या मधल्या पोकळीतनं, आणि पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीतल्या झरोक्याची जाळी गंजून गेलेली तिथनं सगळ्यात जास्त.

मग दिवसा बाकीच्या सगळ्या संशयित फटी बुजवल्या आणि ह्या तीन ठेवल्या. उलटं करायचं नाही, म्हणजे मोठ्या फटी आधी बुजवल्या तर ती आतच राहतात. त्या तीन ठिकाणी एकतर्फी वाट केली, उंदराचा पिंजरा उलटा धरा तसं, आतनं बाहेर जाता येतं, बाहेरनं आत नाही. झरोक्याला आणि वळचणीला खिडकीला लावतात ती बारीक मच्छरजाळी, वर आणि दोन्ही बाजूंना पट्टी ठोकून घट्ट, खाली मोकळी, फटीच्या खाली दोन फूट लोंबत ठेवायची, भिंतीला अगदी चिकटवायची नाही. वाघूळ बाहेर आलं की जाळीवरनं सरपटत खाली येतं आणि खालनं सुटतं. पहाटे परत येताना मात्र ते थेट आपल्या फटीवरच झेपावतं, वासाने आणि सवयीने, खालनं वर चढत जायचं त्याच्या डोक्यात येत नाही. पक्ष्यांसाठी शेतात लावतात ती मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी वापरू नका, त्यात पंख अडकून मरतात. आढ्यावर जाळी नीट बसेना, तिथं दोन इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, तिरका, तोंड खाली करून बसवला, भोवतीची पोकळी चिंध्यांनी बंद, आणि पाईपच्या बाहेरच्या तोंडाला पातळ प्लास्टिकची बाही बांधली. पाईप आतनं गुळगुळीत, परत चढता येत नाही, आणि बाही चपटी होऊन वाट बंद होते.

पहिल्या पहाटे मी मुद्दाम उठून बघितलं. झरोक्याभोवती नुसता घोळका, येतात, जाळीला थडकतात, फिरतात, परत येतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तात्या शेजारी चहा घेऊन उभे, म्हणाले, 'बघ कशी रेंट ॲग्रीमेंट संपल्यासारखी फिरूलीत'. उजाडायच्या आत गेली कुठंतरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी. जाळ्या आठवडाभर तरी तशाच ठेवायच्या, गडबड करायची नाही, कारण पाऊस-थंडी असली की काही एखाद-दुसरी रात्र बाहेरच पडत नाहीत. खात्री करायला माळ्यावर जुनी पेपरं अंथरली, सकाळी पेपर कोरा मिळायला लागला की झालं.

ह्यानंतर मेस्त्री. कित्तूरकडचे आहेत, अर्धं कन्नड अर्धं मराठी. ते आधीच येऊन गेलेले, पण वर बघून म्हणाले, 'मोदल बावली होगली अक्का, आम्याल केलसा', म्हणजे आधी ती जाऊदेत, मग काम. शहाणा माणूस. आल्यावर त्यांनी कोने काढून नवीन गिलाव्यात बसवले, फुटकी कौलं बदलली. वळचणीची पोकळी सिमेंटने ठोसून बंद करूया म्हणत होते, ती मी करू दिली नाही. कौलाच्या घराला वारा लागतो, तो बंद केला तर पावसाळ्यात वासे कुजतात, म्हणून तिथं बारीक भोकांची गॅल्वनाईज जाळी ठोकून घेतली, झरोक्यालाही तीच. आणि पीओपीला एक झडप ठेवून शिडी केली. हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय मला, कारण माळ्यावर वर्षातनं दोनदा तरी कुणीतरी चढलं पाहिजे, नाहीतर पाच वर्षांनी परत तेच.

साफसफाईचं. इथं मात्र फवारलं, पण पाणी. शेतातला फवारणीचा पंप घेतला, पाठीवर टांगायचा तो, नीट धुऊन, साध्या पाण्यात थोडं फिनेल टाकून सगळी शिट भिजवली आणि तासाभराने फावड्याने ओढून पोत्यात भरली. एन-९५ मास्क, हातमोजे, डोक्याला टॉवेल, लहान पोरांना आणि दम्याच्या माणसाला घरातच थांबू द्यायचं नाही. बाबांना त्या दिवशी आत्याकडं पाठवलं. किती निघाली असेल तर विचारू नका. ते उत्तम खत असतंय, नत्र-स्फुरद भरपूर, आईने लगेच केळीला घालायला घेतली, मी म्हणलं आधी खड्ड्यात शेणात मुरू दे, ओलीच राहू दे, मग घाल. डागाळलेलं पीओपी मात्र फेकावंच लागलं, लघवीचा वास त्यात शिरला की कितीही रंग मारा, उन्हाळ्यात परत येतो.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न, गेली कुठं. थोडी गोठ्याच्या पत्र्याखाली आलीत. ती राहू दिली. तात्यांना पटलं नव्हतं, पण गोठ्यात वास साठत नाही, चारी बाजूंनी उघडा आहे, आणि रात्रभर ती किडेच तर खातात, भातावरचे पतंग, भुंगे, डास, पहिल्या पावसात निघणारी पंखवाली वाळवी. उरलेली बहुतेक गल्लीतल्याच कुणाच्या तरी माळ्यावर गेली असणार. कारण महिन्याभरात पलीकडच्या आळीतनं काकू आल्या, 'तुमची वाघळं आमच्याकडं आलीत, घेऊन जावा'. आमची कशी म्हणायची, त्यांच्यावर नाव लिहिलंय? त्यांच्याकडंपण पीओपी झालंय दोन वर्षांपूर्वी. जाळ्या आणि पाईप त्यांना दिले, तात्या स्वतः जाऊन लावून आले आणि आता गावात वाघळांचे एक्सपर्ट म्हणून मिरवतात. घमेल्याचा विषय काढायचा नाही त्यांच्यासमोर.

एक राहिलंच. माळ्याचं काम चाललेलं असताना एखादं चुकून खोलीत शिरतंच. आरडाओरडा, झाडू, टॉवेल काही नको, ते केसात-बिसात अडकत नाही, आवाजाच्या परतीवर अंतर ओळखून उडतंय, तुम्हाला चुकवूनच जातं. आतल्या घराचं दार लावा, बाहेरच्या खिडक्या पूर्ण उघडा, दिवा बंद करा आणि खोलीतनं बाहेर या, पाच-दहा मिनिटांत जातं. पण ह्या सगळ्याच्या आधी छताचा पंखा बंद करा, कारण मरतात ती बहुतेक त्या पंख्यानेच.